आजींनी बंद केलेली गोळी

आजोबा ऑपरेशनच्या टेबलावर जागेच पडले होते आणि मॉनिटरवर त्यांची नाडी पळत सुटली होती. भूल देणाऱ्या मॅडमनी हातातली सिरिंज खाली ठेवली.

मी ऑपरेशन थिएटरात मावशी आहे. पेशंटला गाऊन घालणं, टेबलावर घेणं ही माझी कामं. आजोबा रोहिणखेडचे, हर्नियासाठी आलेले. आधी हार्ट अटॅक येऊन गेल्यामुळे त्यांना रोज बीटा-ब्लॉकरची गोळी होती. ही गोळी हृदयाची धाव आवरते.

मॅडमनी आजींना दारात बोलावलं. "गोळी खरंच देता ना?"

आजी रडायलाच लागल्या. "काल तुमी इचारलं तवा भेवानं हो म्हनलं. म्याच बंद केली. गोयीनं दिल सुस्त होते, तुमची भूलबी सुस्त करते. दोन्ही एका टायमाले म्हनल्यावर मानूस उठीन का?"

मला वाटलं, आता मॅडम ओरडणार.

"विचार चांगला केला आजी," त्या म्हणाल्या. "पण हृदयाला गोळीची सवय झालेली असते. एकदम तोडली की ते उधळतं. त्यात ऑपरेशनचा ताण. दुसरा अटॅक येऊ शकतो."

सर्जन सर हात धुऊन उभे होते. "मॅडम, छोटं काम आहे. उरकून टाकू."

"आज नाही, सर."

"पुढचे सगळे खोळंबतील."

"खोळंबू द्या."

मॅडम सरांपेक्षा वयानं कितीतरी लहान. सरांसमोर माझा तर आवाजही फुटत नाही.

आजींमागे उभा असलेला त्यांचा मुलगा चिडला. "मंग डबल गोयी द्या न! सोयाबीन सोंगाले आलं, पुन्हा बाबाले कोन आनीन?"

"डबल दिली तर बीपी एकदम पडेल. मेंदूला रक्त कमी पडेल. तुम्ही आधी सोयाबीन कापून घ्या, भाऊ. मग बाबांना आणा."

टेबलावरून आजोबा बोलले, "बुढी मले वाचवाले गेली अन् मारूनच टाकत होती!"

"गप राहा!" आजी दारातूनच म्हणाल्या.

मॅडमनी ईसीजी काढला, नेहमीचीच गोळी नेहमीएवढीच सुरू केली. ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्यासोबत ती द्यायची, हे आजींकडून दोनदा वदवून घेतलं.

सोयाबीन घरात आल्यावर ते परत आले. या वेळी नाडी शांत होती. ऑपरेशनभर मॅडम आजोबांच्या डोक्याशी उभ्या होत्या. आजोबा शुद्धीवर आले आणि सगळ्यात आधी म्हणाले, "बुढी कुठी गेली?"

हृदयाची गोळी आपल्या मनानं सुरू करू नये, आपल्या मनानं बंदही करू नये. मायेपोटी तर मुळीच नाही.