रंगूनची खिनमावशी आणि भोईवाड्याचा नळ

माझ्या वडिलांनी बुद्धाची मूर्ती वरळीच्या समुद्रात बुडवली.
तीही आम्ही बौद्ध झाल्यावर, आठच दिवसांनी.

मूर्ती खिनमावशीची. आज तिला जाऊन अकरा वर्षं झाली, म्हणून ही पोस्ट.

खिनमावशी रंगूनची. लढाईत तिकडे गेलेल्या शिवरामकाकांशी लग्न करून भोईवाड्यात आमच्या शेजारच्या खोलीत आली. काका गेले, मूलबाळ नाही, तरी राहिली.

मग तिकडे तिची आई आजारी पडली. बोटीने निघताना तिने वीतभर पितळी मूर्ती माझ्या आईकडे सांभाळायला दिली.

आईने ती देव्हाऱ्यात कुलदेवतांच्या टाकांशेजारी ठेवली आणि रोज कुंकू लावलं. देव म्हटला की कुंकू, एवढंच तिला तेव्हा ठाऊक.

त्या वर्षी चाळीत दोनच विषय. संयुक्त महाराष्ट्र आणि दीक्षा.

आम्ही दीक्षा घेतली. वडील भलतेच उत्साही. अख्खा देव्हारा पोत्यात भरला आणि वरळीला विसर्जन करून मोकळे झाले. कुंकवाने लाल झालेल्या त्या गर्दीत बुद्ध कुठला, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.
संध्याकाळी आईने विचारलं, तेव्हा कळलं.

सात महिन्यांनी मावशी परत आली. तिची आई वारली होती. तिचे भाऊ म्हणत होते, आता इथेच राहा. तरी आली.
आईने दारातच रडत रडत सगळं सांगून टाकलं.

"असू दे," मावशी म्हणाली आणि खोलीत गेली.

पुढचे पंधरा दिवस नुसती मान हलवायची. नळावर सगळ्यांच्या मागे उभी राहायची, पाहुणी असल्यासारखी.
रंगूनचं पत्र आलं की आईला वाटायचं, ही आता पुढच्या बोटीने जाणार, आणि आपल्यामुळे जाणार. आईने वडिलांशी बोलणंच टाकलं.

मग एका सकाळी आईने घाईघाईत मावशीच्या हंड्यापुढे आपली बादली सरकवली.

"मूर्ती घालवलीस ती घालवलीस," मावशी कडाडली, "आता माझा नंबरपण घालवते काय गं?"



आई बादली तिथेच टाकून घरी आली. पदरात तोंड घालून हसतेय की रडतेय, मला कळेना.

"भांडली ओ माझ्याशी," वडिलांना म्हणाली. "आता नाय जात ती."

नाही गेली.

त्याच संध्याकाळी आमच्याकडे जेवायला आली, बोंबलात मीठ कमी म्हणाली आणि बुद्धवंदनेला कसं बसायचं ते आम्हा पोरांना पाठीत धपाटे घालून शिकवलं. पुढची पन्नासेक वर्षं आईशी भांडत राहिली.

वडिलांनी मात्र तिची माफी कधी मागितली नाही. तिच्यासमोर मान खाली घालायचे.

त्यांच्या वतीने मी मागतो, मावशी.
राहिलीस, फार बरं केलंस.
तुला मनापासून वंदन.