सुपरकम्प्युटर मले-तुले बोलत नाही

सरनं माझ्या गळ्यात पुठ्ठा अडकवला. त्यावर लिहिलं होतं, टर्मिनल.

"हा काही कम्प्युटर नाही," सर सगळ्या वर्गाले म्हणाले. "नुसता पडदा आणि कीबोर्ड. डोकं दुसरीकडे असतं. हिने फक्त मागे उभं राहायचं."

वर्ग हसला. मी आठवीत होती.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही पोट्टेपाट्टे कम्प्युटरचे प्रकार होणार होतो. एक मायक्रो, म्हणजे घरातला, टेबलावरचा. एक मिनी, त्याहून जरा मोठा. एक मेनफ्रेम, मोठ्या बँकेतला. आणि सगळ्यात ताकदीचा, हवामानाचा अंदाज काढणारा सुपरकम्प्युटर. त्याले पानभर भाषण. ते मले पाठ होतं. मी मागितलं.

माझी बोली ऐकून सर म्हणाले, "सुपरकम्प्युटर मले-तुले बोलत नाही."

भाषण मनीषनगरच्या एका पोरीले भेटलं. बाप धंतोलीत मोठा डॉक्टर. तिच्यासाठी चंदेरी झगा शिवून आला. तिच्या घरी दोन लॅपटॉप. आमच्या घरी आज्याचा बंद पडलेला हातमाग, त्यावर माय कपडे वाळू घाले. मी जळली. तिच्या झग्यावर, तिच्या शुद्ध मराठीवर, तिच्या टिफिनवरसुद्धा. तिनं माझं काही वाईट केलं नव्हतं, म्हणून जास्तच जळली. तालमीत मी तिच्या मागं उभी राहून ओठातल्या ओठात तिचं भाषण म्हणे.

प्रदर्शनाले पाहुणे आले. पोरगी दोन ओळी बोलली अन् अडली. मी मागंच. सर स्टेजच्या पडद्याआडून मले खुणावून राहिले होते. शेवटी कुजबुजले, "सांग ना तिले, सांग."

तिले. घाबरल्यावर सरच्या तोंडूनही तेच निघालं.

पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी दात आवळले. एक शब्द दिला नाही.

पोरगी रडली. तिची आई धावत आली, तिले पोटाशी धरलं, पाणी पाजलं. मले त्याचाही हेवा वाटला. फजिती झाल्यावरही तिले धरणारं कोणी होतं. माझी माय तेव्हा कामावर होती.

सरनं मले बाजूले नेलं. काहून नाही सांगितलं म्हणून विचारलं.

मी म्हटलं, "समोर बोलाले मले मनाई होती, सर. मग मागून कशाले बोलू?"

त्या वर्षी मले कोणत्याच कार्यक्रमात घेतलं नाही.

कम्प्युटरची वर्गवारी त्याच्या ताकदीवरून होते, कामावरून होते. आमची घरावरून झाली, बोलीवरून झाली. हे मले तिथं कळलं, पुस्तकात नाही.

मी अजूनही जळते. सोडून दे म्हणणारे लय भेटतात. सोडणार नाही. माझी अक्कल पाहिजे असेल तर पुढची जागा द्यावी लागेल. मागून कोणाले काही भेटणार नाही.