कूलरमधला सांबार

मातीशिवाय शेती करायची तर सगळ्यात मोठी अडचण माती नसण्याची येते.

हे मला गच्चीवर पाइप बसवून झाल्यावर कळलं. पाइपांना भोकं, भोकांत जाळीच्या वाट्या, खालून खतपाणी, सगळं तयार होतं. फक्त वाट्यांत काय भरायचं, ज्यात रोप पाय रोवून उभं राहील, तेच ठरत नव्हतं. आणि घाई होती! पारशिवनीला जन्मभर शेती केलेल्या माझ्या सासऱ्यांना मी साळ्याच्या लग्नात भर पंगतीत म्हणून बसलो होतो, "मामाजी, अक्षय तृतीयेला या! बिनमातीच्या सांबाराची वडी खाऊ घालतो." (सांबार म्हणजे कोथिंबीर. नागपूरबाहेरच्यांनी आमटी समजू नये.) मामाजी नुसते हसले. ते हसू मला फार लागलं.

आधी भाजलेल्या मातीच्या गोळ्या आणल्या. बायकोने, मंगलाने, एक उचलून पाहिली.

"मातीशिवाय शेती ना तुमची? मग हे काय होय?"

"ही माती नाही. भाजलेली माती आहे."

"म्हणजे आता गच्चीवर विटाभट्टी काढून राहिले का?"

गोळ्या परत गेल्या. खडी मला रुक्ष वाटली (मी स्वभावाने हळवा आहे). शेवटी मन बसलं नारळाच्या भुशावर. पाटाएवढी दाबलेली वीट! दुकानदार म्हणाला, "भिजवा, थोडी फुलेल."

थोडी!

ती बुडेल असं भांडं घरात एकच, बाल्कनीतला कूलर. गवत बदलायला त्याच्या जाळ्या काढलेल्याच होत्या. टाकीत पाणी भरलं, वीट सोडली, रगडलेल्या धन्यांची वाटी काठावर ठेवली आणि खुर्ची टाकून बसलो. दुपारची वेळ, ओल्या भुशाचा वास, वीट आपली हळूहळू फुलतेय... डोळा लागला. स्वप्नात गच्ची हिरवीगार होती. कबुतरंसुद्धा हिरवी! पाइपांतून पाणी झुळझुळत होतं, अख्खं पारशिवनी वह्या घेऊन बसलं होतं, आणि मामाजी म्हणत होते, "जवाईबापू, मलेबी शिकवा ना!" मी मोठ्या मनाने हात हलवला.

हात खराच हलला. वाटी कलंडली, धने सगळे कूलरमध्ये! आणि कूलरमध्ये पाणी होतंच कुठे? काठोकाठ तपकिरी भुसा! पंप तळाशी गाडला गेला होता.

खरं सांगतो, मी घाबरलो. चटकन वर पातळ पांढरी चादर टाकली. भुसा तळाच्या भोकातून वाहून जाईल या आशेने रोज गुपचूप चादरीवरूनच एक बादली ओतू लागलो. तो कसला हलतोय! पहिल्याच दिवशी त्यातला थोडा काढून पाइपांत दुसरे धने लावले होते, तर गच्चीच्या उन्हात त्यांचे फुटाणे झाले.

"कूलर काहून नाही लावून राहिले?" मंगला रोज विचारायची.

"अजून कुठे ऊन तापलंय?" (नागपुरात! एप्रिलमध्ये! कपाळाचा घाम पुसत!)

अक्षय तृतीया उजाडली. मामाजी आले, गच्चीवरच्या रिकाम्या वाट्या बघून खाली उतरले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपट्ट्याने वारा घेत ते लेकीला म्हणाले, "कूलर तं लाव वं, मंगले." मी आडवा जाईपर्यंत तिने चादर ओढली.

कूलरभर सांबार! दाट, हिरवागार, घमघमणारा. मला वाटलं, माझं स्वप्नच इथवर आलंय, फक्त गच्चीऐवजी बाल्कनीत उतरलंय.

"हे तुम्ही मुद्दाम केलं?" मंगलाने विचारलं.

"म्हणजे काय!" मी म्हणालो.

मामाजींनी भुशात बोट खुपसलं. "सावली हाय, ओल हाय, गारवा हाय. जवाईबापू, जागा बरोबर हेरली तुम्ही!" आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी माझी पाठ थोपटली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (मंगला म्हणते, तो घाम होता.)

अर्ध्या सांबाराच्या वड्या झाल्या. मामाजींनी आठ खाल्ल्या! निघताना मात्र मंगलाला बजावलं, "उरलेल्याले धने धरू दे. तोवर कूलरले कोणी हात नको लावजा."

तेव्हापासून घरातल्या सगळ्यात गार जागी सांबार मजेत डुलतो आहे, आणि भर मे महिन्यात फुटाणा होतोय तो एकटा मी.