माझ्या पॅन कार्डावरचा सज्जन

माझं इन्कम टॅक्सचं रिटर्न माझ्याआधीच कुणीतरी भरून टाकलं होतं, आणि माझ्यापेक्षा नीट भरलं होतं.

हे मला कळलं तळवड्याच्या गाडे मॅडमकडे. गाडे मॅडम कर सल्लागार, मूळच्या तळवड्याच्याच. मी आणि माझी बायको सुजाता त्यांच्यासमोर बसलो होतो. मॅडमनी कॉम्प्युटरात डोकावून सांगितलं, "दादा, तुमचं रिटर्न भरलेलं हाय की! रिफंड बी मागितलाय. दुसऱ्याच खात्यात."

"मी? कधी?"

"आता ते आमी कसं सांगनार!"

त्या रिफंडवर आईची कवळी ठरली होती! आई लातूरहून आमच्याकडे आली तेव्हा तिचे उरलेसुरले दातही गेले होते. भाकरी दुधात कुस्करून खायची, आणि आम्ही शेंगदाणे घेऊन बसलो की उगाच खिडकीबाहेर बघायची. "रिफंड आला की कवळी," असं मी तिला कितीदा तरी सांगितलं होतं.

"पॅन कार्ड कुनाला दिलं व्हतं का?" मॅडमनी विचारलं.

"छे! मी काय वेडा आहे?"

सुजाता खोकली. (हा खोकला मी ओळखतो. त्यावर औषध नाही.)

"खंडेनवमी," ती एवढंच म्हणाली.

झालं असं होतं, की चाकणला आमच्या कंपनीत खंडेनवमीला मशीनला हार घालतात, कुंकू लावतात, पेढे वाटतात. त्या दिवशी घरी आलो तो भक्तिभावाने अगदी ओथंबून! घरातल्या हत्यारांनी काय घोडं मारलंय? मी पाटावर पाना मांडला, पक्कड मांडली, सुजाताची विळी मांडली, आणि शेजारी पॅन कार्ड, आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक. (आजच्या माणसाची खरी हत्यारं हीच! हा विचार मला तेव्हा फार थोर वाटला होता.) पासबुकाच्या कव्हरवर टॅक्सच्या साइटचा पासवर्ड पेनाने लिहिलेला होता, विसरू नये म्हणून. मग फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, कंपनीच्या बसच्या ग्रुपवर टाकला आणि स्टेटसलाही ठेवला. पाटावर झेंडूचा ढीग होता, पण एक फूल नंबरावर पडेल तर शपथ! कित्येकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. त्यातल्या एकाने ते अगदी मनापासून जोडले असणार.

मॅडम हसू दाबायला पाणी प्यायल्या आणि त्यांनी चोराने भरलेलं रिटर्न उघडलं.

"आईच्या आजारपनाचा खर्च, चांगला मोठा. बायकोच्या शिक्षनासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज. अनाथाश्रमाला देनगी."

सुजाताने खुर्ची पुढे ओढली. "बघू, बघू! मला शिकवतोय तो?"

"व्हय ताई. कर्ज काढून!"

"आणि देणगी! आमच्याकडे गणपतीची वर्गणी मागायला आले की हे बाथरूममध्ये जाऊन बसतात."

"अगं, चोर आहे तो!" मी ओरडलो.

"असू दे. पण घरच्यांचं किती करतो!"

त्या दिवशी मी माझ्याच पॅन कार्डावर दुसऱ्या नंबरचा नवरा ठरलो. सायबर पोलिसांकडे तक्रार दिली, आयकर खात्याला कळवलं. दोन्हीकडून एकच उत्तर आलं, 'प्रक्रिया सुरू आहे.'

घरी परतताना गाडीवर मागे बसलेली सुजाता हळूच म्हणाली, "खोटा का होईना, त्याने आईंवर आधी खर्च केला आणि मग रिफंड मागितला. आपण रिफंडसाठी आईंना थांबवून ठेवलंय."

मला फार वाईट वाटलं. ओव्हरटाइमचे पैसे मी नव्या मोबाइलसाठी साठवत होतो. (जुना मोबाइल काय काय करू शकतो हे तुम्ही वाचलंच.) त्याच आठवड्यात आईला दातांच्या डॉक्टरकडे नेलं, आणि काही दिवसांनी कवळी आली.

मग मॅडमचा निरोप आला, की तुम्ही तुम्हीच आहात असं प्रतिज्ञापत्र लागेल. मी घरी कागद घेऊन बसलो आणि मोठ्याने वाचू लागलो, "मी शपथेवर सांगतो, की मी तो मीच आहे..."

आई शेजारी शेंगदाणे फोडत बसली होती. तोंडातला दाणा कडकन चावून ती म्हणाली, "शपथ कशाला घिऊलास? मला ने तिकडं. मी सांगते सायबाला, ह्योच माझा हाय म्हून."

"असं कसं मानतील ते, आई?"

"न मानाया काय झालं? तो दुसरा शाना हाय बाबा, येळंवर कागद भरतंय, बायकूला शिकवतंय. असला येडेपना माझ्याच लेकराला जमतंय!"

आणि नवी कवळी दाखवत ती ठसका लागेपर्यंत अशी हसली, की सुजाताला तिच्या पाठीवरून हात फिरवावा लागला. मीही हसलो. डोळे पुसत हसलो.

मी मीच आहे हे सरकारला पटायचं अजून बाकी आहे. घरात मात्र त्याबद्दल कुणालाही शंका उरलेली नाही!