बांगड्या, लोकरी मोजे आणि मल बेटावरचं पाणमांजर

माझ्या मुलानं, निखिलनं, मला ग्लासगोला बोलावलं ते विश्रांतीसाठी. विश्रांती म्हणजे तो आणि सून ऑफिसला गेले की मी खिडकीत बसून समोरच्या घराची खिडकी बघायची. शेवटी कंटाळून मी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या मल बेटावरची दिवसभराची वन्यजीव टूर स्वतःच बुक केली.

"आई, एकटी कशी जाशील? या वीकेंडला माझं रिलीज आहे. नेक्स्ट मंथ सगळेच जाऊ ना."

"नेक्स्ट मंथमध्ये माझं परतीचं विमान आहे," मी म्हटलं आणि बॅग भरायला घेतली.

जाणाऱ्यांसाठी सांगते. ग्लासगोहून ट्रेननं ओबनला जा आणि रात्री तिथेच राहा, म्हणजे सकाळची फेरीबोट चुकत नाही. बेटावर उतरलं की गाईड मिनीबस घेऊन उभा असतो. टूर स्वस्त नाही, पण दुपारचं सूप-सँडविच त्यातच येतं. मी तरी तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्याच होत्या. रस्ते इतके अरुंद की समोरून गाडी आली की कुणीतरी बाजूला थांबायचं आणि दुसऱ्यानं हात करून जायचं. मला ही पद्धत फार आवडली.

आमचा गाईड कॅलम, हळू बोलणारा तरुण. शेजारच्या सीटवर चक्क मराठी जोडपं निघालं, लंडनजवळच्या स्टॅनमोरचं. त्यातल्या वहिनींनी लगेच चौकशी सुरू केली.

"मिस्टर नाही आले?"

"ते गेले. तीन वर्षं झाली."

त्यांची नजर माझ्या हातांवर गेली. हिरव्या काचेच्या बांगड्या, दोन्ही हात भरून. ही नजर माझ्या ओळखीची आहे. हे गेले तेव्हा नणंदबाई माझे हात धरायला पुढे आल्या होत्या. मी हात मागे घेतले आणि म्हटलं, "लग्नाआधीपासून घालतेय, यापुढेही घालीन." नागपुरात त्याची चर्चा अजून संपलेली नाही.

वाटेत समुद्री गरुड दिसला. गावातले लोक त्याला उडता दरवाजा म्हणतात म्हणे, आणि पंख पसरल्यावर तो दिसतोही तसाच. पण मला हवं होतं पाणमांजर. ओहोटीच्या वेळी कॅलमनं आम्हाला खाडीकाठच्या खडकांत बसवलं, एकदम गप्प. थोड्या वेळानं पाण्यात एक चपटं डोकं वर आलं. मी दुर्बीण उचलली, बांगड्या खळ्ळकन वाजल्या आणि डोकं गायब.

"पाण्यावर आवाज लांब जातो," कॅलम हळूच म्हणाला. "त्या काढता येतील का? नाहीतर तुम्हाला बसमधून बघावं लागेल."

वहिनी माझ्याकडे सरकल्या. "अहो, ठेवा ना पर्समध्ये. तसंही आता..."

उरलेलं वाक्य मला पाठ आहे. संताप आला. कॅलमचा नाही, त्याचं म्हणणं बरोबरच होतं. पण त्या 'तसंही'वर मी बांगडी काढणार नव्हते. आणि बसमध्ये बसायचं तर खिडकी ग्लासगोलाही होती.

"काढणार नाही, आणि बसमध्येही जाणार नाही," मी माझ्या इंग्रजीत कॅलमला सांगितलं. बूट काढले, निखिलचे लांब लोकरी मोजे पायांतून ओढले, बांगड्या वर सरकवून घट्ट केल्या आणि त्यांवर मोजे चढवले, पार कोपरापर्यंत. मग अनवाणी पाय गार बुटांत खुपसले आणि दोन्ही हात जोरात हलवून दाखवले. आवाज शून्य. कॅलमला हसू आवरेना.

बराच वेळ काही झालं नाही. पाय बधिर झाले. वहिनींचं नवं जॅकेट मात्र सारखं सळसळत होतं. ते काढा असं त्यांना कुणी म्हटलं नाही, कॅलमनं नुसतं ओठांवर बोट ठेवलं.

आणि मग ते आलं. सोबत पिल्लू! आमच्या समोरच्या खडकावर चढून आईनं खेकडा फोडला, त्याचा कडकड आवाज आम्हाला ऐकू आला. पिल्लू तिच्या तोंडातून ओढून घेत होतं. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. पुसायला हातावर मोजे होतेच.

परतीच्या फेरीबोटीत वहिनींनी दोन पुऱ्या खाल्ल्या आणि फोटो काढू या म्हणाल्या. मी मोजे घातलेल्या हातांनीच काढून घेतला.

त्या खडकांत उठताबसता माझी एक बांगडी वाढली होती. नागपूरला परतल्यावर पहिल्याच बाजारी मी कासाराकडे गेले. नणंदबाई सोबत होत्या, पायरीवर पाठ करून बसल्या.

"एकच घालू का, काकू?" कासारानं विचारलं.

"दोन्ही हात नव्यानं भर," मी म्हटलं. "आणि चांगल्या वाजणाऱ्या दे."