सोपानच्या डब्यातल्या दोन कॅप्स

“बाई, ह्यास्नी अतिरेकी म्हंत्यात ओ,” शेवंता म्हणाली आणि माझ्या टेबलाशेजारी जमिनीवरच बसली. खुर्ची होती, पण तिला ती दिसली नाही.

भोरला कोर्टासमोर झेरॉक्सच्या दुकानावर माझं ऑफिस आहे. बत्तीस वर्षं वकिली करते. वाटपाचे दावे, बांधाची भांडणं, पोटगी, चेक बाउन्स. शेवंता आली त्या दिवशी दहशतवादविरोधी कायद्याचं पुस्तक माझ्या कपाटात नव्हतंसुद्धा. लागलंच कधी नव्हतं.

तिचा नवरा सोपान. वेल्ह्याकडच्या एका वाडीतला, भात लावणारा, डेअरीला दूध घालणारा माणूस. वाडीच्या वरच्या डोंगरात एक खाणवाला आला होता. सुरुंग लावून दगड फोडायचा आणि खाली क्रशरमध्ये खडी करायची. परवानगी एका गटाची, खोदकाम शेजारच्या दोन गटांतही. भिंतींना तडे गेले, झरा बारीक झाला. सोपाननं तहसीलदारांकडे तक्रार केली. अर्ज मीच लिहून दिला होता. सुनावणीची तारीख लागली तेव्हा मी त्याला फोनवर सांगितलं, “जे काही सापडेल ते जपून ठेवा. सुनावणीला दाखवू.”

माझ्या मनात फोटो होते, सातबारे होते. तसं स्पष्ट बोलले मात्र नाही.

सुनावणीच्या दोन दिवस आधी पोलिसांनी त्याच्या घराची झडती घेतली. फडताळात, देवाच्या तसबिरीमागे, स्टीलचा डबा सापडला. डब्यात वायरीचे तुकडे आणि न उडालेल्या दोन कॅप्स. कॅप म्हणजे सुरुंग पेटवणारी बोटाएवढी नळी. एखादी उडत नाही, तशीच दगडात पडून राहते. खाणवाल्यानं ती शोधून नष्ट करायची असते. या खाणवाल्यानं ती केली नव्हती, आणि अटक झाली सोपानला.

ते ऐकलं आणि मला माझाच फोन आठवला. ‘जपून ठेवा’ म्हणणारी मी!

आधी मला वाटलं, स्फोटक बाळगल्याचा गुन्हा आहे, जामीन होईल. मग रिमांडच्या कागदावर यूएपीएची कलमं दिसली. बेकायदेशीर कृत्यं रोखण्याचा हा कायदा. त्यात केस पुण्याच्या स्पेशल कोर्टात जाते. एरवी पोलिसांनी जास्तीत जास्त नव्वद दिवसांत चार्जशीट, म्हणजे तपासाचा सगळा गठ्ठा, कोर्टात दिला नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. इथे ती मुदत एकशेऐंशी दिवसांपर्यंत वाढवून मिळते. ती त्यांनी वाढवून घेतली, आणि सोपान येरवड्याला राहिला.

पुण्यातल्या एका सीनियर वकिलांना मी सोबत घेतलं. चार्जशीट आली ती सातशे पानांची. मी दोन दिवस वाचत बसले आणि अंगाची नुसती लाही लाही झाली.

वाडीची बैठक पिढ्यान्‌पिढ्या देवराईत भरते. देवराई म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान, तिथली काटकीसुद्धा कुणी तोडत नाही. आत चामडं न्यायचं नाही. त्यामुळे चपला, पट्टे, पाकिटं सगळं बाहेरच्या दगडावर ठेवतात. अलीकडे गुरवानं मोबाईलचीही भर घातली, कारण पोरं देवासमोर सेल्फी काढायला लागली होती. चार्जशीटमध्ये हेच असं लिहिलं होतं: ‘आरोपीने माग लागू नये या हेतूने सर्वांचे मोबाईल दूर ठेवून जंगलात गुप्त बैठका घेतल्या.’

वाचून मला हसू आलं. मग रडूच आलं.

जामिनाच्या सुनावणीला मी उभी राहिले. “साहेब, ही देवराई आहे. तिथे वारसाच्या भांडणाचे निवाडेसुद्धा होतात. गुरवाचं प्रतिज्ञापत्र जोडलंय.”

सरकारी वकील उठले. “पण मॅडम, मोबाईल दूर ठेवले होते, हे तुम्हालाही मान्य आहे ना?”

“चपलाही ठेवल्या होत्या! त्याही कटातच घाला की!”

सीनियरांनी माझा गाऊन ओढला. न्यायाधीश शांतपणे म्हणाले, “हे सगळं ट्रायलमध्ये सिद्ध करा.”

“साहेब, ट्रायल कधी?”

त्यांनी समोरच्या फायलींकडे पाहिलं आणि पुढची केस पुकारायला सांगितली.

त्यांनाही मी फार दोष देत नाही. साध्या गुन्ह्यात जामीन देताना कोर्ट दोन्ही बाजू तोलून बघतं. या कायद्यात तसं नाही. पोलिसांच्या कागदावरून आरोप सकृतदर्शनी, म्हणजे वरवर पाहता, खरा वाटला की जामीन द्यायचा नाही. आणि कागद लिहिणार कोण? पोलीसच. खटला चालायच्या आधीच माणूस शिक्षा भोगतो, आणि तिला शिक्षा म्हणत नाहीत इतकंच.

शेवंता दर तारखेला पहिल्या एसटीनं निघायची. वेल्ह्याहून नसरापूर, तिथून पुणे. भाकरी बांधून आणायची. ती सोपानला देता यायची नाही, मग मलाच खायला लावायची. “कवा सुटंल?” एवढंच विचारायची. मी म्हणायची, पुढच्या वेळी बघू. या ‘पुढच्या वेळी बघू’ची मला पुढे पुढे लाज वाटायला लागली. वाडीतली माणसं सुरुवातीला जीप भरून यायची. मग कुणीतरी सांगितलं, कोर्टात दिसेल त्याचंही नाव घालतात. त्यानंतर ती एकटीच यायची.

पावणेतीन वर्षांनी हायकोर्टानं जामीन दिला. खटला सुरूच झाला नाही, माणसाला आणखी किती दिवस ठेवणार, एवढ्याच कारणावर. अटी होत्या. त्यातली एक, वेल्हे तालुक्यात पाऊल ठेवायचं नाही. म्हणजे सुटला, पण घरी जायचं नाही. किकवीला बहिणीकडे राहायला गेला.

तिथून तो सह्या करायला माझ्या ऑफिसात आला. केस पिकले होते, खांदे उतरले होते. मी चहा मागवला आणि मनात साठलेलं एकदाचं बोलून टाकलं. “सोपानराव, मला माफ करा. जपून ठेवा असं मीच सांगितलं होतं. माझ्यामुळे तुम्ही आत गेलात.”

तो गोंधळला. “न्हाई ओ बाई. तुमचा फोन यायच्या आधीच आनल्या व्हत्या म्या त्या.”

“कशाला?”

“वरच्या अंगाला पोरी शेरडं घिऊन जात्यात. चकाकतंय त्ये उन्हात. एखादीनं उचललं आस्तं, दगडानं ठोकलं आस्तं. हातच गेला आस्ता की. म्हनून गोळा केल्या आन उंचावर ठिवल्या.”

मी कप खाली ठेवला. “हे मला आधी का नाही सांगितलंत?”

“तुमी इचारलंच न्हाई. तुमी म्हनला, पुराव्यासाठी ठिवल्या व्हत्या ना? म्या म्हनलं, व्हय. तुमी शिकल्याल्या, तुमास्नी ठावं काय लिवायचं त्ये.”

माझ्या तिन्ही जामीन अर्जांत लिहिलं होतं, ‘पुराव्याकरिता’. स्फोटकाच्या गुन्ह्यात हेतू काय, हा पहिला प्रश्न असतो. याचा हेतू पोरींचे हात वाचवण्याचा होता, आणि ते सातशे पानांत नव्हतं, माझ्या कागदांतही नव्हतं. सीनियर म्हणतात, असतं तरी काही फरक पडला नसता. नसेलही. पण मी विचारलं नाही ते नाहीच. त्या दिवशी सोपान गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि रडले.

आता नवा अशील आला की ‘काय केलंस’ याच्या आधी ‘कशासाठी केलंस’ हे विचारते. बत्तीस वर्षांनी शिकले.

खटला अजून उभा राहिलेला नाही. खाण चालू आहे. परवा शेवंता आली होती, तिनंच सांगितलं. वाडीतलं कुणी आता पडलेल्या कॅपला हात लावत नाही, बघून न बघितल्यासारखं करून पुढे जातात. पोरी मात्र शेरडं घेऊन रोज तिथंच जातात.