बंधाऱ्याच्या वहीची मागची पानं

आमच्या बंधाऱ्याच्या कामाची वही मी लिहिते. अक्षर बरं आहे आणि मीटिंगमध्ये मध्ये मध्ये बोलत नाही, म्हणून मला निवडलं. पुढच्या पानांवर तारीख, हजेरी, ठराव. पण मध्येच कुणीतरी काहीतरी बोलतं, सगळे हसतात आणि मेघाताई म्हणतात, "हे लिहू नकोस गं!" ते मी मागच्या पानांवर लिहिते. आता मागची पानं पुढच्या पानांना येऊन भिडलीत!

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. भातकापणी झाली की मातीने भरलेल्या गोणी रचून आम्ही पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी अडवतो. मेघाताई रत्नागिरीच्या एका संस्थेच्या. त्यांच्यामागे परदेशातली एक मोठी संस्था. तिची अट एकच. पाणी शिमग्यापर्यंत टिकतं हे दर सोमवारच्या नोंदीवरून दिसलं, तर सिमेंटचा पक्का बंधारा मिळेल. तो सगळ्यांत जास्त हवा होता सुलभाकाकूला. पऱ्याकाठचा तिचा माठ-मुळ्याचा मळा दरवर्षी निम्म्यातच करपतो.

* * *

बंधारा कुठे घालायचा हे गावच्या मुंबईकरांच्या मंडळाला विचारल्याशिवाय ठरत नाही. मंडळाचे अध्यक्ष भाऊ व्हिडिओ कॉलवर आले.

"कॅमेरा डावीकडे घे. अजून घे. अरे, तिथला मोठा फणस कुठे गेला? पर्यावरणाचं काम करता आणि झाडं तोडता?"

मग आमचे जुने गवंडी तात्या हळूच म्हणाले, "भाऊ, तुमच्या नवीन घराची दारं कशाची आहेत?"

कॉल कट झाला. रेंज गेली होती, असं भाऊंनी नंतर कळवलं!

* * *

श्रमदानाच्या फॉर्मवर स्त्रिया किती, पुरुष किती असे रकाने असतात. स्त्रिया एकवीस झाल्या. पुरुष तीन.

मेघाताई म्हणाल्या, "पुरुष फारच कमी दिसतात."

काकू गोण उचलता उचलता म्हणाली, "बाकीचे मुंबईत हायत. शिमग्याला येतील, तेव्हा मोजून घ्या!"

* * *

गोणी कशा रचायच्या हे शिकवायला पुण्याहून एक तरुण सर आले. सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत वगैरे त्यांनी छान चित्र काढून समजावलं. तात्यांचा जन्म चिऱ्याच्या भिंती बांधण्यात गेलाय. ते अगदी पुढे बसून मान हलवत होते.

मग तात्यांनी गोणी रचल्या. सर बघतच राहिले. "एवढं सफाईदार कुठे शिकलात?"

"हे काय, तुम्ही आत्ताच नाही का शिकवलंत!"

सर दिवसभर खुशीत होते.

* * *

एका फॉर्मवर प्रश्न होता, 'कामाच्या जागी कोणकोणते धोके आहेत?' साप, निसरडे दगड, ऊन असं मी लिहीत होते. हमीदभाई लांज्याहून टेम्पोतून रिकाम्या गोणी आणतात. ते म्हणाले, "सगळ्यांत मोठा धोका राहिला. सुलभाकाकू! कोण बसलेला दिसला की सुटलीच!"

"बसलायस ना आता?" मागून काकूचा आवाज आला. "ऊठ!"

* * *

लांबलचक ऑनलाइन मीटिंगला पुरेल एवढी रेंज फक्त सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर, येते. म्हणून परदेशातल्या त्या संस्थेच्या मॅडमशी बोलायला आम्ही आठजण सड्यावर, भर उन्हात. मॅडमनी विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय का?" मेघाताईंनी ते मराठीत सांगितलं.

काकू म्हणाली, "जेवल्या का, विचारा."

तिकडे नुकतं उजाडलं होतं. मॅडमनी काहीच खाल्लं नव्हतं.

"मग उपाशीपोटी कसली मीटिंग? आधी चा घ्या म्हणावं!"

मेघाताईंनी लाजत सांगितलं आणि मॅडम खरंच उठल्या. पुढची दहा मिनिटं आम्ही आठजण उन्हात बसून एका रिकाम्या खुर्चीकडे बघत होतो.

* * *

पाणी मोजायला संस्थेने पऱ्यात आकडे रंगवलेली पट्टी रोवली होती. पहिल्याच महिन्यात एका म्हशीने तिला अंग घासलं. पट्टी मोडली, वाहून गेली. नवी आलीच नाही. सोमवार उजाडला आणि मी वही घेऊन पऱ्यावर रडकुंडीला आले.

"त्यात काय गो?" काकू म्हणाली. "ह्यो माझा कपडे धुवायचा धोंडा. मी दर सोमवारी सांगते, तू लिही."

तसं मी लिहिलं. 'धोंडा बुडालेला.' 'धोंडा अर्धा.' शिमग्यानंतरच्या सोमवारी, 'धोंडा कोरडा, पण बसल्यावर पाय भिजतात.'

मेघाताईंनी वही पाहिली आणि डोक्याला हात लावला. "अगं, मीटर कुठायत?"

वही पाठवायचा तो शेवटचा दिवस होता. त्यांनी पानांचे फोटो काढले, खाली इंग्रजीत अर्थ लिहिला, धोंड्याचा आणि काकूचा फोटो जोडला आणि पाठवून दिलं.

तीन आठवडे काहीच उत्तर नाही. काकू रोज विचारायची, "आलं काय गो?" मग विचारायचीही थांबली. एकदा कपडे पिळताना नुसतं म्हणाली, "माझ्या धोंड्यानं घात केला वाटतं."

शेवटी पत्र आलं. देवळात सगळ्यांसमोर मेघाताईंनी वाचलं. पक्का बंधारा मंजूर! टाळ्या थांबेनात. काकू पदराने डोळे पुसत होती आणि कुणी बघितलं की त्याच्यावर ओरडत होती.

पत्रासोबत आणखी एक कागद होता. संस्था ज्या ज्या देशांत काम करते, तिथल्या सगळ्या गावांना पाठवलेल्या सूचनांचा. मेघाताईंनी तो मनात वाचला, हसायला लागल्या आणि माझ्या हातात दिला. "हे तूच वाच. मराठीतून सांग सगळ्यांना."

मी उभी राहिले. 'काकू' हा शब्द त्यांनी इंग्रजीतही तसाच ठेवला होता.

"सूचना पहिली. पाण्याची नोंद ठेवण्यासाठी प्रत्येक गावाने एक धोंडा आणि एक काकू निश्चित करावी."